प्रकाशाचं स्मारक: झोत आभाळात, नावं अंधारात

दर वर्षी ११ सप्टेंबरची संध्याकाळ झाली की न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधून दोन निळसर झोत सरळ आभाळात चढतात आणि पहाटेपर्यंत तसेच उभे राहतात. एकूण ८८ सर्चलाइट, ४४-४४ चे दोन चौकोन, प्रत्येक दिवा ७,००० वॅटचा. हवा स्वच्छ असेल तर साठ मैलांवरून, म्हणजे जवळपास ९५ किलोमीटरवरून ते दिसतात. वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, असा झोत वर्ध्यात लावला तर तो नागपूरच्या पलीकडच्या माणसालाही दिसेल. २००१ साली पाडल्या गेलेल्या दोन मनोऱ्यांची आणि त्या दिवशी मारल्या गेलेल्या २,९७७ माणसांची ही आठवण. नाव ‘ट्रिब्यूट इन लाइट’, म्हणजे प्रकाशाची मानवंदना. ११ सप्टेंबर २०२६ ला त्या घटनेची पंचवीस वर्षं पूर्ण होतात.

एखादा वाचक विचारेल, वर्ध्यात बसून न्यूयॉर्कच्या दिव्यांची चर्चा कशाला? दोन कारणं आहेत. एक, त्या दिवसानंतर जगभरच्या मुसलमानांवर जो संशयाचा झोत पडला तो आमच्या गल्लीपर्यंतही पोहोचला. दुसरं, स्मारक कशाचं करायचं, कसं करायचं आणि त्यात कोणाचं नाव घ्यायचं, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातही तितकाच जिवंत आहे. सेवाग्राम आमचं, आष्टी आमची, पुलगावही आमचंच.

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ सांगून टाकू. त्या दिवशी जे झालं ते निरपराध माणसांचं हत्याकांड होतं. एका निर्दोष माणसाची हत्या ही साऱ्या मानवतेची हत्या, हे आमच्या घरातलं पोरसुद्धा शिकतं. तेव्हा या मृतांच्या आठवणीला आमचा विरोध असण्याचा सवालच नाही. आम्हाला बोलायचं आहे ते आठवण ठेवण्याच्या पद्धतीवर.

वादातून घडलेलं स्मारक

हे झोत पहिल्यांदा लागले ११ मार्च २००२ ला, घटनेला सहा महिने झाले तेव्हा. कळ दाबली ती त्या हल्ल्यात पोलीस असलेले वडील गमावलेल्या १२ वर्षांच्या मुलीने. महिनाभरानंतर दिवे बंद झाले. लोकांना ते इतके भावले की पुढे दर ११ सप्टेंबरला लावायची रीत पडली.

पण वाद अगदी नावापासून सुरू झाला होता. कलाकारांनी आणि वास्तुरचनाकारांनी मांडलेल्या कल्पनेचं आधीचं नाव होतं ‘टॉवर्स ऑफ लाइट’, प्रकाशाचे मनोरे. मृतांच्या नातेवाइकांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, गेली ती आमची माणसं. तुम्ही इमारतींचा शोक करताय का? हरकत मान्य झाली आणि नाव बदललं. आमच्या मते या स्मारकाच्या इतिहासातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ज्यांचं माणूस गेलं त्यांचं ऐकलं गेलं.

दुसरा वाद पाखरांचा. सप्टेंबर हा तिकडे पक्ष्यांच्या स्थलांतराचा काळ. रात्री उडणारी लहान पाखरं या झोतात शिरतात, दिशा विसरतात आणि घिरट्या घालत दमून जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने सात रात्रींच्या निरीक्षणावरून काढलेला आकडा असा: सुमारे ११ लाख पक्ष्यांवर या दिव्यांचा परिणाम झाला. त्याच अभ्यासात हेही दिसलं की दिवे विझवले की काही मिनिटांत पाखरं मोकळी होतात आणि आपल्या वाटेला लागतात. म्हणून तिथे एक नियम आहे. पक्षीनिरीक्षक रात्रभर दिव्यांपाशी थांबून मोजदाद करतात. झोतात हजारावर पक्षी अडकले की दिवे वीस मिनिटं बंद. स्मारक असलं तरी बंद. यामुळे मृतांचा अपमान झाला असं कोणी म्हणत नाही.

तिसरा वाद करोनाच्या वर्षातला. ऑगस्ट २०२० मध्ये स्मारकाच्या व्यवस्थापनाने जाहीर केलं की दिवे उभारणाऱ्या सुमारे ४० कामगारांच्या प्रकृतीला धोका आहे, त्यामुळे यंदा झोत नाहीत. एकच गदारोळ उठला. राज्य सरकारने आरोग्य कर्मचारी द्यायची तयारी दाखवली आणि दोन दिवसांत निर्णय फिरला. कामगारांची काळजी घेऊन दिवे लागले, हे ठीकच झालं. पण त्या गदारोळात एक गोष्ट उघडी पडली. झोत इतके मोठे झाले होते की ते लावणारा हात कोणाला दिसत नव्हता.

सर्चलाइट म्हणजे मुळात काय?

सर्चलाइट हे लढाईचं हत्यार. रात्री आभाळात शत्रूचं विमान हुडकायचं, त्याला झोतात पकडायचं आणि तोफेने पाडायचं, यासाठी त्याचा वापर झाला. तुरुंगाच्या भिंतीवर आणि सरहद्दीवरही तोच दिवा फिरतो. नावातच ‘सर्च’ आहे, म्हणजे झडती.

या हत्याराचा देखावा करून दाखवला तो नाझींनी. १९३४ मध्ये न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्यात हिटलरचा वास्तुरचनाकार आल्बर्ट श्पेअर याने विमानविरोधी दलाचे १३० सर्चलाइट मैदानाभोवती उभे करून प्रकाशाचं जणू प्रार्थनामंदिर बांधलं. पाहणारे दिपून गेले. श्पेअरने पुढे स्वतःच त्यामागची गंमत सांगितली. पक्षाचे स्थानिक पदाधिकारी पोट सुटलेले होते, त्यांना धड रांगेत चालता येत नव्हतं. म्हणून त्यांना अंधारात चालवायचं आणि लोकांची नजर झोतांकडे वळवायची, अशी ती युक्ती होती.

न्यूयॉर्कचे दिवे आणि न्यूरेंबर्गचे दिवे एकाच मापाने मोजणं अन्याय होईल. एकीकडे दुःख आहे, दुसरीकडे सत्तेची मस्ती. पण श्पेअरची युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मान वर करून पाहणाऱ्याला खाली काय चाललंय ते दिसत नाही. देखावा कोणाचाही असो, हा धोका त्यात असतोच.

त्याच रात्री, त्याच रस्त्यावर

११ सप्टेंबर २०१० ची गोष्ट घ्या. त्या रात्री झोतांत सुमारे दहा हजार पाखरं अडकली. पाच वेळा दिवे बंद करावे लागले, दर वेळी वीस मिनिटं. त्याच दिवशी खाली रस्त्यावर दोन मोर्चे निघाले होते. मनोऱ्यांच्या जागेपासून दोन चौक अंतरावर, ५१ पार्क प्लेस इथे मुसलमानांचं एक सांस्कृतिक केंद्र आणि नमाजची जागा व्हायची होती. तिला ‘ग्राउंड झिरो मशीद’ असं नाव चिकटवून देशभर वादळ उठवलं गेलं. एका मोर्चात विरोधक, दुसऱ्यात समर्थक. शहराचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग स्वतः ज्यू, पण ते केंद्राच्या हक्काच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, हेही नमूद केलं पाहिजे. तरी ठरलं होतं तसं ते केंद्र काही झालं नाही.

पाखरांसाठी वीस मिनिटं दिवे विझवण्याइतकं ते शहर हळवं होतं. आपल्याच शहरातल्या मुसलमान शेजाऱ्याच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा होता. संशयाच्या झोताला ‘बंद’ची कळच नव्हती. २००० मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या नोंदीत मुस्लिमविरोधी द्वेषाच्या २८ घटना होत्या, २००१ मध्ये त्या ४८१ झाल्या. २०११ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी उघड केलं की न्यूयॉर्क पोलिसांचं एक खास पथक मशिदी, हॉटेलं, पुस्तकांची दुकानं आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांवर पाळत ठेवून होतं. या शोधपत्रकारितेला पुलित्झर मिळालं. पुढे, २०१४ मध्ये, ते पथक बंद झालं.

सलमानचं नाव कुठे आहे?

या सगळ्यात एक नाव आम्हाला सोडत नाही. मोहम्मद सलमान हमदानी. वय २३, पाकिस्तानात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. रुग्णवाहिकेवर तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला, पोलीस कॅडेट राहिलेला, एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कामाला. त्या सकाळी कामावर जाताना धूर दिसला आणि तो मदतीला धावला. परत आला नाही.

आईबाप मुलाला शोधत असताना काय झालं? पोलीस चौकशीला आले. एका वर्तमानपत्राने मथळ्यातच प्रश्न टाकला की हा बेपत्ता आहे की लपून बसलाय. मुसलमान पोरगा गायब आहे, एवढं संशयाला पुरलं. ज्या पॅट्रिअट कायद्याने पाळतीचे दरवाजे सताड उघडले, त्याच कायद्याच्या मजकुरात सलमानचा मदतीला गेलेला मुस्लिम तरुण म्हणून गौरवाने उल्लेख आहे, ही त्यातली आणखी एक विसंगती. मार्च २००२ मध्ये, म्हणजे झोत पहिल्यांदा लागले त्याच महिन्यात, त्याचे अवशेष ढिगाऱ्यात सापडल्याचं घरच्यांना कळवलं गेलं. पोलीस इतमामात जनाजा निघाला, महापौर आणि पोलीस आयुक्त हजर राहिले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मनोऱ्यांच्या जागी आता दोन चौकोनी जलाशय आहेत आणि त्यांच्या कडेला ब्राँझच्या पट्ट्यांवर २,९८३ नावं कोरलेली आहेत, १९९३ च्या स्फोटातली सहा धरून. आग विझवणारे, पोलीस, बचावाला धावलेले यांच्या नावांना वेगळी मानाची जागा आहे. सलमानचं नाव त्यांत नाही. ते आहे दक्षिणेकडच्या जलाशयाच्या ६६ क्रमांकाच्या पट्टीवर, ज्यांचा कुठल्याच गटाशी नीट संबंध लावता आला नाही अशांमध्ये. कारण कागदोपत्री तो त्या दिवशी ड्युटीवर नव्हता. त्याच्या आईने, तलत हमदानी यांनी, हे नाव योग्य जागी यावं म्हणून वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१४ मध्ये क्वीन्समधल्या बेसाइड भागातल्या एका रस्त्याला सलमानचं नाव मिळालं. पट्टीवरची जागा बदलली नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. झोत सगळ्यांचे असतात कारण झोतावर कोणाचंच नाव नसतं. स्मारकाची खरी परीक्षा नावापाशी होते. कोणाचं नाव घेतलं, कोणत्या रांगेत घेतलं, कोणाचं राहून गेलं.

आता आपल्या अंगणात

वर्ध्याएवढा स्मारकाचा विचार करायला योग्य जिल्हा नाही. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात आले. माती, बांबू आणि कवेलूंची बापूकुटी आजही तिथे आहे. जगभरातून माणसं येतात, चप्पल काढून आत जातात आणि गप्प होऊन बाहेर येतात. तिथे एकही सर्चलाइट लागत नाही.

गेल्या काही वर्षांत सेवाग्राम विकास आराखड्यातून परिसरात बरंच नवं उभं राहिलं. भव्य चरखा आला, भंगारातून घडवलेली गांधीजी आणि विनोबांची शिल्पं आली, रस्ते रुंद झाले. सोय झाली, पर्यटक वाढले, ते नाकारायचं कारण नाही. पण २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यासाठी जुनी झाडं तोडली जाऊ लागली तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले, कारण ती झाडंही स्मारकच आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. न्यूयॉर्कमध्ये पाखरांवरून जो वाद झाला, तोच आपल्याकडे झाडांवरून झाला. मेलेल्यांची आठवण जिवंतांच्या मुळावर येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

आणि नावांचं काय? अब्दुल गफ्फार खान यांना डिसेंबर १९३४ मध्ये अटक झाली ती वर्ध्यात. सरहद्द प्रांतात जायला बंदी होती, म्हणून ते इथे राहिले होते. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा अभ्यासक्रम ज्या समितीने केला तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चले जाव म्हणणारा ठराव केला तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना आझाद. वर्ध्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे? आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना तरी?

महिनाभरातच, १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो मुलूख पेटलेला होता. गोळीबार झाला, माणसं पडली. तिथल्या शहिदांच्या यादीत डॉ. मालपे, कुबडे, ढोंगे यांच्यासोबत पंची गोंड आहेत आणि रशीद खान आहेत. एक आदिवासी, एक मुसलमान, बाकी शेजारीपाजारी, सगळे एकाच दिवशी एकाच मातीत. गावाचं नावच आता आष्टी (शहीद). आज कोणी आम्हाला ‘तुम्ही स्वातंत्र्यासाठी काय केलं’ असं विचारतो, तेव्हा आम्ही दिल्ली-लखनऊची नावं सांगत बसतो. आपल्याच जिल्ह्यातलं नाव आमच्या ओठांवर येत नाही. हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही.

पुलगावचंही तसंच. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. आग विझवायला गेलेल्यांसह १९ जणांचा जीव गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवर कामाला गेलेले आसपासच्या खेड्यांतले गावकरी होते. वर्दीतल्या माणसाला सलामी मिळते, ती मिळायलाच हवी. रोजंदारीवरच्या माणसाचं नाव कोणत्या पट्टीवर कोरायचं? सलमान हमदानी ड्युटीवर नव्हता म्हणून वेगळ्या रांगेत गेला. आपल्याकडचा रोजंदार तर रांगेतच नाही.

आपल्या हातातली कळ

इथे थोडं स्वतःकडेही पाहू. गेल्या काही वर्षांत विदर्भातल्या शहरांत, गावांत मिरवणूक म्हटली की डीजे आणि शार्पी लाइट आलेच. गणेशोत्सवात आले, जयंत्यांत आले, तसे ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्येही आले. तो शार्पीचा झोत म्हणजे छोटा सर्चलाइटच. सप्टेंबर २०२४ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला. याचिका करणाऱ्यांचं म्हणणं होतं की डीजे आणि लेझर यांना आपल्या धर्मग्रंथांत काही आधार नाही. गणेशोत्सवात जे अपायकारक ते ईदच्या जुलूसमध्येही अपायकारकच, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. लेझरच्या अपायाचा शास्त्रीय आधार घेऊन या, असंही याचिकाकर्त्यांना सुनावलं.

आम्हाला वाटतं, न्यायालयाने सांगायची वाट पाहायचं काही कारण नाही. त्याच वर्षी मुंबईत विसर्जनाची गर्दी लक्षात घेऊन ईदचा जुलूस १६ ऐवजी १८ सप्टेंबरला काढण्याचा समजूतदारपणा आपल्याच लोकांनी दाखवला होता. तारीख हलवता येते, तर दिवाही विझवता येतो. दिखाव्याला आपल्याकडे रिया म्हणतात आणि उधळपट्टीला इसराफ. दोन्ही नापसंत. ज्या पैगंबरांनी चटईवर झोपून आयुष्य काढलं त्यांच्या जन्मदिनी समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याचे डोळे दिपवून आम्ही कोणती मोहब्बत दाखवतो?

तेवढ्या भाड्याच्या पैशात काय होईल, हेही सांगतो. येत्या १६ ऑगस्टला आपल्या शाळेतली, मदरशातली पोरं घेऊन एक गाडी आष्टीला न्यावी. रशीद खानांचं नाव वाचावं, पंची गोंडांचंही वाचावं, सगळीच नावं मोठ्याने वाचावीत. पुलगावच्या आसपासच्या ज्या घरांतला कमावता माणूस गेला त्यांची विचारपूस करावी, मग ते घर कोणत्याही जातधर्माचं असो. मशिदीच्या वाचनालयात वर्धा जिल्ह्याच्या स्वातंत्र्यलढ्याची पुस्तकं ठेवावीत. ज्या कुटुंबांकडे त्या काळचे फोटो, पत्रं, दाखले असतील त्यांनी ते नीट जपावेत, कोणीतरी त्यांची नोंद करावी. आणि सरकारी स्मारकात एखादं नाव राहून गेलं असेल, तर कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. तलत हमदानी परक्या देशात आपल्या मुलाच्या नावासाठी वर्षानुवर्षं लढल्या. आपल्याला तर एसटीने आर्वी रोडनेच जायचं आहे.

न्यूयॉर्कचे झोत पुन्हा लागतील. पाखरं मोजणारे पुन्हा दिव्यांपाशी बसतील आणि गरज पडली की दिवे विझवतील. ती वीस मिनिटं आम्हाला त्या साऱ्या रोषणाईपेक्षा मोलाची वाटतात. आष्टीच्या त्या यादीवर आभाळातून झोत पाडायची गरज नाही. ती वाचायला दिवसाचा उजेड पुरतो, फक्त आपण तिथे जायला हवं.